खोट्या दुर्बिणीचे सात बिघाड

महिपती गावंडे यांना दुर्बिणीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाच दुर्बिणीला डोळा लावला होता, तोही लहानपणी दारव्ह्याच्या जत्रेत, आणि तेव्हा दिसला तो समोरच्या पाळण्यात बसून ओकणारा त्यांचा मामा. असा माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी दुर्बिणीच्या कंपनीत नोकरीला लागला म्हटल्यावर बिबवेवाडीतली त्यांची सोसायटी हसली. हसणारच. आपल्याकडे माणसाला पन्नाशीनंतर गुडघे दुखण्यापलीकडे काही नवीन करायची परवानगी नाही.

गावंडे सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सचे फिटर होते. मशीन बंद पडलं की बोलावणं, चालू झालं की विसरणं, अशी ती नोकरी. मग नवं धोरण आलं, बाहेरचा माल आला, आणि एका मार्चमध्ये कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. पुढची तीन वर्षं ते घरी बसले. बसले म्हणजे काय, तर चांगला चालू पंखा खोलून पुन्हा बसवला, शेजाऱ्यांचे मिक्सर मागून आणून दुरुस्त केले, आणि एकदा कुकरची शिटी इतकी साफ केली की ती वाजायचीच थांबली. "तुमाले कुठी तरी काम लागलं पायजे बाप्पा, नाही तं माह्या घरातलं एक भांडं धड राहणार नाही," असं त्यांची बायको कौशल्या म्हणायची. ती हसत म्हणायची, पण गावंड्यांना ते लागायचं. आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही, हे त्यांना रोज सकाळी दाढी करताना आठवायचं, आणि मग दिवसभर ते विसरायला काहीतरी खोलावं लागायचं.

अशात दोन हजार पाच सालच्या जुलैत दीनानाथ केतकरांचा फोन आला. केतकर एके काळी त्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. वेळीच बाहेर पडून त्यांनी खराडीला सॉफ्टवेअरची छोटी कंपनी काढली होती. "गावंडे, दुर्बिणीचं काम आलंय, तीन महिने येऊन बघा. जमलं तर कायम करू, नाही जमलं तर आपली ओळख आहे तशी राहील," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुणेरी माणसाचं आमंत्रण याहून गोड नसतं.

स्वारगेटला बस बदलून गावंडे खराडीला पोचले. अर्धी शेतं, अर्ध्या काचेच्या इमारती, आणि सगळ्यावर बांधकामाची धूळ. केतकरांनी त्यांना प्रियदर्शनीच्या ताब्यात दिलं. ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचं काम बघायची.

"दुर्बीण कुठंय?" गावंड्यांनी विचारलं.

"ही काय," ती म्हणाली, आणि तिने एका रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं.

गावंड्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथेही नव्हती.

मग तिने समजावलं. खरी दुर्बीण लांब एका डोंगरावर बसायची आहे, अजून तिचा आरसासुद्धा आलेला नाही. पण तिला फिरवणारं सॉफ्टवेअर आत्ताच लिहून तपासायला हवं, कारण उद्या चुकीची आज्ञा गेली आणि आरसा भिंतीवर आपटला, तर दुसरा आरसा घडवायला चार वर्षं लागतील. म्हणून इथे एक खोटी दुर्बीण उभी करायची. सॉफ्टवेअरला वाटलं पाहिजे की आपण खरीच हलवतोय. "याला टेस्ट एन्व्हायर्न्मेंट म्हणतात, काका."

"म्हणजे दुर्बीण खोटी."

"हो."

"आणि तारे?"

"तेही खोटे. दुसऱ्या कॉम्प्युटरमधून येतील."

"वारा?"

"तोही."

"मग खरं काय आहे, मॅडम?"

प्रियदर्शनीने जरा विचार केला. "आज्ञा," ती म्हणाली. "आणि तुम्ही लावाल त्या मोटारी."

गावंडे जे बुचकळ्यात पडले ते तिथून. घरी गेल्यावर कौशल्येने पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी प्रश्न टाकला. "काय काम हाय?"

"खोटी दुर्बीण बनवाची हाय."

"कोणाले फसवाले?"

"फसवाले नाही वो. सॉफ्टवेअरले खरं वाटलं पायजे, बस."

"म्हंजे त्याले फसवाले," कौशल्या म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. कोण कुणाला फसवतंय, ते गावंडे जेवताना जुळवत बसले. पुढचे दोन महिनेही जुळलं नाही.

पण हातांना डोक्याची वाट बघावी लागत नाही, हे एक बरं असतं. गावंड्यांनी लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला. त्यावर दोन मोटारी बसवल्या, एक आडवं फिरवायला, एक वर-खाली करायला. दुर्बिणीच्या जागी माणसाच्या उंचीची ॲल्युमिनियमची नळी लावली. नळी फिरत फिरत अगदी टोकाला गेली की तिथल्या एका स्विचला टेकायची आणि स्विच कॉम्प्युटरला कळवायचा की बस, पुढे रस्ता नाही. त्याच्यापुढे लाकडाचा ठोकळा, शेवटचा अडसर म्हणून. सगळ्याच्या मागे, खाली कोपऱ्यात, मोटारींचा मेन स्विच. पहिल्या दिवशी नळी खोलीतल्या ट्यूबलाइटकडे वळली आणि स्क्रीनवर लिहून आलं, की दुर्बीण मृग नक्षत्राकडे बघत आहे. गावंड्यांनी ट्यूबलाइटकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि नळी फडक्याने पुसली. त्यांना आनंद मात्र झाला होता. तीन वर्षांनी त्यांनी हात लावलेलं काहीतरी कुणीतरी टाळ्या वाजवून चालवलं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते पुतण्याच्या साखरपुड्याला चार दिवस गावी गेले. घोळ झाला तो त्या चार दिवसांत.

त्याचं असं झालं. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा होता अभिनव, अतिशय हुशार आणि तितकाच घाईचा. त्याने आणि प्रियदर्शनीने मिळून त्या सांगाड्यात मुद्दाम सात बिघाड करून ठेवले. एक वायर सैल केली, एका पट्ट्यावर मेण चोळलं, एका चाकाचा स्क्रू अर्धा काढला, टोकाच्या स्विचमध्ये कागदाची घडी कोंबली, असं करत सात. सॉफ्टवेअरने हे सातही ओळखावेत, स्क्रीनवर सात लाल दिवे लावावेत, आणि स्विच मेला असेल तरी दहा सेकंदांत दुर्बीण आपोआप थांबवावी, अशी ती परीक्षा होती. तसं सगळ्यांना रीतसर कळवलंही होतं. मेल टाकून. गावंड्यांनाही कंपनीने मेलचा पत्ता दिला होता. तो त्यांनी एका कागदावर नीट लिहून, घडी करून पाकिटात ठेवला होता.

गावंडे परत आले आणि चार दिवसांनी खंडेनवमी आली.

ज्यांनी कारखान्यात काम केलं आहे त्यांना खंडेनवमी काय असते ते सांगायला नको. त्या दिवशी यंत्राची पूजा. पण कळकट, खिळखिळ्या यंत्राला हळदकुंकू लावणं म्हणजे न आंघोळलेल्या नवरदेवाला बाशिंग बांधणं. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी खोलून पुसायचं, तेल द्यायचं, प्रत्येक नट आवळायचा, आणि मगच झेंडूची माळ. बावीस वर्षांत गावंड्यांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं. इथे कुणी सांगायची त्यांनी वाट पाहिली नाही. दुपारी सगळे मीटिंगला गेले असताना त्यांनी खोटी दुर्बीण खोलली आणि कपाळाला हात लावला. वायर सैल. स्क्रू अर्धा. पट्ट्याला मेण! आणि स्विचमध्ये कुणीतरी चक्क कागद कोंबलेला. "चार दिवस घराबाहेर गेलो तर काय करून ठेवलं पोरांनी," असं पुटपुटत त्यांनी एकेक गोष्ट जागेवर आणली. पोरांवर ते रागावले नाहीत. शिकतील, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, कॉम्प्युटरच्या पडद्यांनाही कुंकवाचं बोट लागलं. केतकर म्हणाले, "आता सॉफ्टवेअर चाललं नाही तर प्रोग्रामरला नको, देवीला जबाबदार धरू." सगळे हसले.

दसऱ्यानंतर कामाला लागल्यावर मात्र कुणी हसेना. चाचणी सुरू केली आणि सात लाल दिवे लागायचे तिथे एकही लागला नाही. सगळं हिरवं. अभिनवने पुन्हा चालवलं. हिरवं. त्याचा चेहरा पांढरा पडला. काल-परवापर्यंत दिवे लागत होते, मग आज सॉफ्टवेअरला बिघाड दिसेनासे का झाले? सोमवारी त्या डोंगरावरच्या वेधशाळेची माणसं बघायला येणार होती, त्यांच्या होकारावर कंपनीचं पुढचं काम होतं, आणि मधे उरले होते तीन दिवस. बिघाड आपल्याच हातांनी घातलेले, ते जागेवर आहेतच, असं धरून अभिनवने सॉफ्टवेअर फाडायला घेतलं. चांगलं चाललेलं पान काढायचं, दुसरं लिहायचं, चालवायचं, तरी हिरवं.

गावंडे हे बघत होते आणि त्यांच्या डोक्यावरून जात होतं. मशीन लोण्यासारखं फिरतंय, स्क्रीनवर हिरवळ पसरलीय, आणि पोरं सुतकात बसल्यासारखी. कारखान्यात असं चाललं असतं तर साहेबाने चहा पाजला असता. शुक्रवारी दुपारी त्यांनी न राहवून प्रियदर्शनीला विचारलं, "मॅडम, सगळं नीट चाललंय ना? मग रडण्यासारखं काय झालं?"

"तेच तर, काका! नीट चालायला नको होतं," ती वैतागून म्हणाली. "आम्ही त्या स्विचमध्ये कागद घातलाय. तरी तो चालतोच आहे!"

 करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे गावंड्यांना लगेच कळलं. तरी ते पाना घेऊन आधीच आवळलेला नट पुन्हा आवळायला लागले. तीन महिने पुरे व्हायला आठवडा उरला होता. आत्ता सांगितलं तर कायम होणं दूरच, उद्यापासून पुन्हा शेजाऱ्यांचे मिक्सर. आणि न सांगितलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. बसमध्ये स्वारगेट आलं ते त्यांना दिसलं नाही, कंडक्टरने उठवलं.

कौशल्येने सगळं ऐकून घेतलं. "बिघडवून ठेवलेलं तुम्ही सुधारलं, म्हणून ते पोट्टं दोन दिवसांपासून चांगलं हाय ते बिघडवून रायलं?" तिने विचारलं.

"हो."

"मले तं हे काहीच समजलं नाही. पण पोट्ट्याले सांगा. त्याची मेहनत काऊन वाया घालवता?"

शनिवारी सकाळी गावंड्यांनी सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत सांगितलं. अभिनव खुर्चीत बसला आणि दोन दिवसांत फाडलेली पानं बोटांवर मोजायला लागला. प्रियदर्शनीने डोकं टेबलावर टेकवलं. ती हसतेय की रडतेय ते कळेना. केतकरांनी चष्मा पुसला. "गावंडे, पुण्यात मेकॅनिक बोलावला तर आठ दिवस येत नाही. तुम्ही न बोलावता सात बिघाड एका दुपारी काढलेत. आता तेच सात सोमवारपर्यंत परत घाला म्हणजे मिळवली."

बिघाड काढायला जितकी अक्कल लागते त्याच्या दुप्पट तो घालायला लागते, हे गावंड्यांना त्या दिवशी समजलं. सहा घालून झाले. सातव्याला त्यांचा हात अडला. स्विचमध्ये कागद? असला बिघाड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. खरा स्विच असा एका झटक्यात मरत नाही. तो आधी रुसतो, आत ग्रीस ओघळतं, त्यावर धूळ बसते, मग कधी चिकटतो, कधी सुटतो. गावंड्यांनी खिडकीच्या कठड्यावरची खराडीची धूळ चिमटीत घेतली, ग्रीसच्या थेंबात कालवली आणि स्विचला खाऊ घातली. बिघाडच करायचा तर निदान इमानदारीने करावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अभिनवचा रविवार फाडलेलं सॉफ्टवेअर पुन्हा जोडण्यात गेला, चालवून बघायला वेळ उरला नाही, आणि सोमवारी वेधशाळेच्या बाई एका सहायकाला घेऊन आल्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा, सुती साडी, निम्मं आयुष्य डोंगरावर काढलेलं. चाचणी सुरू झाली. एक लाल दिवा, दुसरा, तिसरा. सहाही बिघाड सॉफ्टवेअरने ओळखले. अभिनवचा चेहरा फुलला. मग सातवा. नळी सरकत सरकत टोकाला गेली आणि लाकडी ठोकळ्याला टेकली. मोटार तिला पुढे रेटतच राहिली. सगळ्यांचे डोळे स्क्रीनवर, अभिनव मोजत होता, "पाच... सहा... सात..." सांगाड्याजवळ गावंडे स्टुलावर बसले होते. हात लावायचा नाही, असं त्यांना तीनदा बजावलेलं होतं. आठव्या सेकंदाला खटका पडला आणि मोटार बंद झाली. गावंड्यांचा हात मेन स्विचवर होता. आपण कधी उठलो ते त्यांना आठवेना.

"काका!" अभिनव ओरडला. "दोन सेकंद! दोन सेकंदांत ती आपोआप थांबणार होती!"

 केतकर बाईंकडे वळून म्हणाले, "आमचं सॉफ्टवेअर बावन्न वर्षांचं आहे. बिबवेवाडीहून बसने येतं."

बाई हसल्या नाहीत. "पुन्हा करा," एवढंच म्हणाल्या.

गावंड्यांची मान खाली गेली होती. "सर, मी बाहेर उभा राहतो," ते म्हणाले. "इथं बसलो तर माझे हात ऐकणार नाहीत." सगळे स्क्रीनकडे वळल्यावर त्यांनी सांगाड्यामागे हात घालून मेन स्विच पुन्हा चालू केला, आणि स्वतःच दार ओढून घेऊन ते पॅसेजमध्ये गेले.

दाराला पाठ लावून ते उभे राहिले. आत मोटार सुरू झाली. नळी सरकली, टेकली. ते मोजू लागले. दहाला थांबली तर पोराचं नशीब उघडेल, आणि आपण उगाच मधे तडमडणारे म्हातारे ठरू. नाही थांबली तर पोर मेलं, आणि बिघाड आपल्याच हातचा. नक्की काय व्हावं असं आपल्याला वाटतंय, हेच त्यांना कळेना. आठ. नऊ. दहा. मोटार घुमतच होती. अकरा. बारा. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. पंधरा. सोळा. दाराच्या फटीतून मोटारीच्या तारांवरच्या तापल्या वार्निशचा वास यायला लागला.

दार धाडकन उघडलं. प्रियदर्शनी होती. "काका, हे बंद कुठून करतात?"

आतल्या पाच माणसांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. गावंडे धावले.

कारण सापडायला अर्धा तास लागला. धुळीने चिकटलेला स्विच मधूनच चिकटत होता, मधूनच सुटत होता. आणि तो जरासा फडफडला की सॉफ्टवेअर दहा सेकंद पहिल्यापासून मोजायला लागत होतं. असं ते जन्मभर मोजत बसलं असतं. बाईंनी विचारलं, हा बिघाड कुणी केला? गावंड्यांनी गुन्हेगारासारखा हात वर केला.

"आम्ही नुसता कागद घातला होता, मॅडम," अभिनव म्हणाला. त्याचा आवाज पडला होता, पण तो खरं बोलला. "काकांनी खऱ्यासारखा बिघडवला."

"डोंगरावर धूळच असते," बाई म्हणाल्या. "कागद मी अजून पाहिला नाही. हे सुधारा आणि महिन्याने मला परत बोलवा. पण बिघाड यांनीच करायचे."

केतकर त्यांना गाडीपर्यंत सोडून आले आणि गावंड्यांसमोर उभे राहिले. "बिघडवायला कायमचा माणूस ठेवणारी पुण्यातली पहिली कंपनी असेल आपली," ते म्हणाले. "पत्र उद्या घ्या."

गावंड्यांना हसावं की काय करावं ते सुचेना. जन्मभर नीट केलं तेव्हा कुणी पाठीवर हात ठेवला नाही, आणि आज बिघडवलं म्हणून नोकरी! ते स्टुलावर जाऊन बसले. तेवढ्यात प्रियदर्शनी वही घेऊन समोर आली.

"काका, एक सांगा. स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं. मग आठव्या सेकंदाला मोटार बंद करायला हवी, हे तुम्हाला कसं कळलं?"

गावंड्यांनी तिच्या वहीकडे पाहिलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बंद का पडलं, असं विचारायचे. केव्हा चालू होणार, असं विचारायचे. तुम्हाला कसं कळतं, असं कुणीच नाही. त्यांनी स्टूल मोटारीजवळ ओढलं.

"मोटार कण्हायला लागली," ते शेवटी म्हणाले.

तिने लिहून घेतलं. "कण्हायला म्हणजे?"

"कण्हायला म्हणजे..." त्यांनी हवेत हात फिरवला. "मला पण नीट सांगता येत नाही, मॅडम. या, इथं हात ठेवा."

तिने वही खाली ठेवली आणि तळवा मोटारीवर टेकवला. गावंड्यांनी मोटार चालू केली, नळी टोकाला नेली, आणि म्हणाले, "आता." मेन स्विच खाली. "कळलं?"

"नाही."

पुन्हा केलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. अभिनवही येऊन शेजारी उभा राहिला होता. चौथ्यांदा नळी ठोकळ्याला टेकली, मोटार रेटायला लागली, आणि गावंड्यांनी स्विचवर हात ठेवून श्वास धरला.

"आता!" प्रियदर्शनी ओरडली.

गावंड्यांनी अजून तोंड उघडायचं होतं.